सतरावं काडतूस

वसंता, तुझा हिशेब एकानं चुकत होता.

तुला घाटावर नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाणेदारांनी मला ठाण्यात बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर तुझी काडतुसं ओळीनं मांडलेली. "तुम्ही दारूगोळ्याच्या भांडारात तपासनीस होते ना? मोजा बरं," ते म्हणाले. मी मोजली. सोळा भरली. पुन्हा मोजली, सोळाच. चुलत भावाच्या चितेची राख गोळा करायची राहिली असताना माणूस काडतुसं मोजतो, आणि मोजता मोजता त्याला दोन मिनिटं बरं वाटतं, हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतो. तू हसला असतास.

वीस मिळाली, असं तू गजाननला सांगितलं होतंस. तुझा बांधशेजारी गजानन, तू गेलास त्या सकाळी बांधावर होता तोच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक तू धाम नदीच्या काठावर उडवून पाहिलंस, ते ठणठणीत वाजलं. त्या सकाळी दोन गेली. विसातून तीन वजा, उरली सतरा. ठाण्यात सोळा. मग एक कुठे गेलं? तेरा दिवस मी ते शोधत होतो. तुझं शेतातलं खोपडं, तुझ्या सदऱ्यांचे खिसे, मोटारसायकलची डिकी, सगळं पाहिलं. लोक म्हणाले, ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला असेल. पण हिशेब माझाच बरोबर निघाला.

त्या सोळांबद्दल आधी सांगतो, कारण जिवंत असताना तू मला ते सांगू दिलं नसतंस. सोळांच्याही बुडावर ८१ हा आकडा होता. म्हणजे ती तुझ्या-माझ्या शाळेच्या दिवसांतली. सहांच्या मानेला, जिथे पितळ गोळीला धरून असतं तिथे, केसाएवढी उभी भेग. चारांच्या बुडातल्या टोपीभोवती, जिथे पिन आपटते तिथे, हिरवट कड. दोन कानाशी धरून हलवली तर आत काहीच हलत नव्हतं, दारूचा गोळा झालेला. उरलेली चार दिसायला चांगली. वांग्याचं देठ पाहून आतली अळी ओळखणारा माणूस होतास तू. उन्हात एक वांगं फिरवायचास आणि म्हणायचास, "हे नाई, हे गाईले टाक." काडतुसाचंही तसंच असतं. बाहेरून बोलतं ते. मी सव्वीस वर्षं ते ऐकण्याचा पगार घेतला.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ती सोळाच्या सोळा चकचकीत होती. देव्हाऱ्यातल्या समईसारखी. चाळीस वर्षांचं पितळ असं चमकत नाही. मी तेव्हाच मनात ठरवलं की कुणीतरी हे मुद्दाम घासलं आहे, जुनं नवं म्हणून तुझ्या गळ्यात मारायला. कुणी, तेही मला माहीत होतं.

आपलं शेवटचं भांडण पूर्ण झालंच नाही. काका गेले, त्यांची रायफल पीकसंरक्षणाच्या परवान्यावर तुझ्या नावावर झाली, आणि त्यांच्या पेटीत पाच काडतुसं निघाली. काकांची वस्तू. डब्याच्या झाकणाला मेण लावून, कोरड्या फडताळात ठेवलेली. तरीही जुनी ती जुनी. मी म्हणालो, ठाण्यात जमा कर. तू उखडलास.

"पितळ कधी सडते काय दादा? आपल्या देवाची घंटी आज्याच्या वेळची आहे, अजून टण्ण वाजते."

"घंटीच्या पोटात दारू नसते वसंता."

"मंग तुह्या पोटात काऊन आग पडून राह्यली? मी काय वाघ माराले चाललो काय? डुकरं हाकलाचे आहे मले."

मी हट्टानं तुला ठाण्यात घेऊन गेलो, पाचही जमा केली, पावती घेतली. ती पावती माझ्याकडे आहे. तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. नवव्या दिवशी, रविवारी, पिशवीभर ढेमसे आणि वांगी घेऊन दारात उभा. वजन न करता भाजी द्यायची तुझी सवय. "मोजून घे, नाईतर झोप येनार नाई तुले," म्हणालास. मी खरंच काट्यावर ठेवून पाहिली. साडेचार किलो. माझी बायको कपाळावर हात मारून हसली. तूही हसलास. भांडण मिटलं असं मी समजलो. मिटलं नव्हतं. तू फक्त ठरवलं होतंस की पुढच्या वेळी दादाला सांगायचं नाही.

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा अकरा रात्री तू तिच्या पायाशी बसलास. माझी नोकरी म्हणून. त्याची परतफेड म्हणून मी तुला काय दिलं तर नियम. तेवढंच होतं माझ्याजवळ.

आता बाबारावांचं नाव घेतो. वरच्या आळीतले बाबाराव, ज्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकायला तू लहानपणी चावडीवर बसून राहायचास. त्यांनी म्हातारपणामुळे आपली रायफल विकली आणि परवाना बंद करायला टाकला. परवाना बंद करताना विचारतात की घेतलेल्या काडतुसांपैकी उरलेली कुठे आहेत. उन्हाळा संपत होता. पानठेल्यावर मला गाठून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"साहेब, काडतूस किती वर्स टिकते हो? समजा गोठ्याच्या माळ्यावर असलं, पावसापान्यापासून लांब?"

मी अगदी खूश होऊन उत्तर दिलं. माझ्या विषयावर कुणी विचारत नाही, घरात तर नाहीच. म्हणालो, कोरड्या थंड जागी पुष्कळ टिकतं, पण गोठ्यात नाही. गाईगुरांच्या मुताचा जो वास पावसाळ्यात डोळ्यांना झोंबतो ना, तोच पितळेला खातो. शेजारी युरियाची पोती असली तर विचारूच नका. पितळ वरून तसंच दिसतं आणि मानेशी तडकतं. तडकलं की आत ओल जाते, दारू नासते. असली काडतुसं तुमच्याकडे असतील तर उद्याच्या उद्या जमा करा.

"हो हो, जमाच करतो," ते म्हणाले, आणि माझ्या पानाला चुना जास्त झाला म्हणून ठेलेवाल्यावर ओरडले.

मी विचारलं नाही की तुम्ही हे का विचारताय. सव्वीस वर्षं ज्यानं प्रत्येक पेटीमागचं कारण विचारलं, त्यानं हे एक विचारलं नाही. महिन्याभरात ती वीस तुझ्याकडे होती; तू गेल्यावर गजाननकडून कळलं. फुकट. मोठेपणानं. ठाण्यात जमा करायला गेले असते तर इतकी वर्षं न सांगता ठेवली म्हणून प्रश्न आले असते. त्यांनी स्वतःची अडचण तुझ्या हातात दिली आणि तुझ्या पाठीवर थाप मारली. हे मी विसरणार नाही. देवानं विसरायला सांगितलं तरी नाही.

आता त्या सकाळचं. डुकरांनी रताळ्याचं वावर उकरलं होतं. तुझ्याकडे परवानगीचा कागद होता, तो खिशातच सापडला. दिवस वर आला होता, गजानन बांधावर बिडी पेटवत होता. त्यानं मला जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण मी त्यात एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही.

"पह्यल्यांदा नुसतं फुस्स झालं. वसंता हासला. म्हने, फुसका निंगाला रे गज्या! अन् लगेच दुसरं भरलं. डुक्कर थांबूनच होतं. मी काई म्हनाच्या आत..."

 पुढचं मी फुटलेली नळी पाहून जाणतो.

वसंता, फटाका फुसका निघाला तर माणूस दुसरा लावतो. दिवाळीत आपण दोघांनी हजारदा लावला. त्याच शब्दानं तुला मारलं. काडतुसाला 'फुसका' म्हटलंस आणि फटाक्यासारखं वागलास. नासलेल्या दारूत गोळी नळीबाहेर फेकायची ताकद नव्हती. ती अर्ध्या वाटेत जाऊन बसली. नळी बंद झाली. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, आवाज कमी आला की थांबायचं, रिकामी करायची, आणि मागून नळीत पाहायचं. पलीकडचा उजेड दिसला तरच पुढचं. एवढंसं काम. दुसरं काडतूस तू भरलंस ते त्या चांगल्या दिसणाऱ्यांपैकी असावं. आतून, बाहेरून चांगलं. ते पूर्ण जोरानं उडालं आणि त्याला जायला जागा नव्हती. वाईट काडतुसानं तुला काही केलं नाही. चांगल्यानं मारलं. ह्यावर मी किती सकाळी चहा गार होईपर्यंत बसलो असेन.

चौथ्या दिवशी मी ठाण्यात अर्ज दिला. बाबारावांचं नाव घालून. ठाणेदार सरळ माणूस. म्हणाले, "साहेब, काडतुसावर नाव लिहिलेलं नसते. तुमचे काकाबी त्याच सालात घेत असतीन. साक्षीदार आना." गजानन आला नाही. बाबारावांची चार एकर त्याच्याकडे ठेक्यानं आहे. तो माझ्यासमोर रडला, पण आला नाही. मी त्याला दोष देत नाही, असं लिहायला हवं. देतो. थोडा देतो. अर्ज फायलीत गेला. संध्याकाळी पानठेल्यावर बाबाराव म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं.

"साहेबाचा अर्ज म्हंजे फुसका बार."

त्यांनी नेमका तोच शब्द वापरला. त्यांना माहीतही नसेल. मला मात्र तेव्हापासून दुसरा शब्द सुचत नाही.

तेरवीला ते आले. पांढरं धोतर, हातात नारळ. तुझ्या फोटोला हार घातला, पाच मिनिटं डोळे मिटून बसले. मग मला अंगणात कडेला नेलं.

"साहेब, झालं ते झालं. म्हातारा गेला, पोरगा गेला. काडतुसं म्हाताऱ्याचेच होते म्हना ना. कोनाचं काय बिघडते? मेलेल्याइले कोन विचारून राह्यलं?"

मेलेल्यांना मी विचारतो, बाबाराव. रोज विचारतो. काकांचं नाव त्यांनी असं खाली टाकलं. ज्या माणसानं मेण लावून डबा बंद केला आणि ज्याची पाचही मी पावतीनिशी जमा केली, त्या काकांनी तुला मारलं असं आता सरकारी कागदावर येणार होतं. मी पाणी प्यायला आत गेलो.

आत देवघरात शोभा नैवेद्य ठेवत होती. तुझी बायको माझ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नाही, कधी जास्त बोलत नाही. मी सवयीनं देव मोजले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, महादेवाची पिंड, दोन टाक. आणि टाकांच्या मागे, हळदकुंकवानं माखलेलं, सरळ उभं, एक काडतूस. एका जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवलेलं.

सतरावं.

"हे इथे कसं शोभा?"

"दसऱ्याचं आहे भाऊजी. पूजा झाल्यावर हे म्हने, एक देवापाशीच राहू दे."

मी काडतूस हातरुमालात धरून बाजूला ठेवलं आणि खोकं उचललं. आतल्या झाकणावर शाईनं लिहिलेलं होतं. पूर्ण नाव, आणि खाली 'वीस नग'. ते वळण मी चांगलं ओळखतो. गावच्या सप्त्याच्या वर्गणीच्या वहीत मी ते दरवर्षी वाचतो.

मी बाहेर जाऊन त्यांना म्हणालो, "बाबाराव, जरा देवघरात या." ते आले. मी खोकं पुढे केलं.

"वाचा."

"चश्मा नाई आनला."

मी माझा दिला.

त्यांनी घातला. आपलंच नाव वाचायला माणसाला किती वेळ लागतो? मी मनात मोजत होतो. बावीस झाले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मी काये कुट्ट दिले होते. चमकवून नाई दिले. मी फसवलं नाई त्याले. त्यानं पाहून घेतले."

"खोटं," मी म्हणालो. जोरात म्हणालो. अंगणातली पंगत थांबली.

तेव्हा शोभा बोलली. पदर तसाच, नजर खाली. "खोटं नाई भाऊजी. चिंचेनं मी घासले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, देवाच्या भांड्याइसंगं. काये होते, म्हनून घासले." मग बाबारावांकडे न पाहता म्हणाली, "पन या मानसानं देताना आमच्या याइले सांगतलं होतं, मी चहा देत होती तवा आयकलं. दादाले सांगू नको म्हने, तो आकडे काढत बसन."

बाबाराव निघून गेले. नारळ तिथेच राहिला.

तेरा दिवस मी ज्या चमकेवर सूड रचत होतो ती चमक तुझ्या बायकोच्या हातची होती. आणि मला ते कळायला हवं होतं, कारण मी ती पाहिली होती. दसऱ्याला सोनं द्यायला मी तुझ्याकडे आलो होतो. पाटावर रायफल, तिच्यापुढे ताटात वीस काडतुसं, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट, झेंडूची फुलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पटकन म्हणालास, "दादा, पूजेतलं हलवाचं नसते हं आजच्या दिवशी." मला वाटलं, श्रद्धा. तू घाबरला होतास. मी फक्त एक उचलून उलटं केलं असतं तर बुडावरचे दोन आकडे दिसले असते. मला पुस्तक मांडलेलं दिसलं आणि मी ते वाचलं नाही, कारण त्यावर फूल होतं. परतताना तू मला आपट्याची पानं जरा जास्तच दिलीस. मी मोजली नाहीत. आयुष्यात एकदाच काही मोजलं नाही.

सतरावं काडतूस आणि खोकं मी त्याच दुपारी ठाण्यात जमा केलं. पावती घेतली. ठाणेदारांनी खोकं बराच वेळ पाहिलं, बाबारावांचा परवाना मागवला. परवान्याच्या मागच्या पानांवर खरेदीच्या नोंदी असतात. म्हणाले, उद्या सकाळी अकराला या, बयान नव्यानं घेतो.

काल, तेरवीच्याच दिवशी, ठाण्यातून परतल्यावर शोभानं मला थांबवलं. "भाऊजी, बिनकागदाचे काडतुसं घेतले म्हनून त्याइचं नाव चोरावानी येईन काय?" मी खरं सांगितलं. चोर म्हणून नाही येणार, पण चूक म्हणून येईल. परवान्याबाहेर घेतली, हे लिहावं लागेल. ते वगळलं तर बाबाराव ते वगळलेलंच धरून बसतील आणि सगळं बयान पाडतील. तुझं नाव वाचवायचं तर काकांचं जातं; काकांचं वाचवायचं तर तुझ्या नावावर एक रेघ येते. मी तिला म्हणालो, तू नको म्हणशील तर मी उद्या जाणार नाही. आणि वसंता, हे मी खरंच म्हणालो, पण ते म्हणताना माझे दात एकमेकांवर घासत होते.

ती परातीकडे वळली. परातीत चिंच भिजत होती; तेरवीची भांडी घासायची होती. मग म्हणाली, "लिवा. सगळं लिवा. चिंचेचंबी लिवा, मी घासले म्हनून. नाईतर तो मानूस तुमाले खोटं पाडन."

तर सगळं लिहिलं आहे. माझ्या अक्षरात, तीन पानं. चमक मुद्दाम केली, हे पहिल्या अर्जातलं वाक्य मी खोडलं आहे आणि खोडल्याची सही केली आहे. शत्रूच्या नावावरही मी खोटा नग चढवणार नाही. तू परवान्याबाहेर घेतलीस, हे आहे. मी दसऱ्याला पाहिलं आणि तपासलं नाही, हेही आहे, माझ्या जुन्या हुद्द्यासकट. पानठेल्यावर त्यांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते शब्दाला शब्द आहे. जाणूनबुजून दिली, हा शब्द एकदाच आहे. एकदा पुरतो.

काल संध्याकाळी गजानन आला होता. ठेका गेला तरी चालेल, म्हणाला, मी बी येतो उद्या. आणि जाता जाता सांगितलं की बाबाराव अजून ठेल्यावर बसतात, अजून हसतात, म्हणतात साहेबाचा एक बार फुसका गेला, आता दुसरा काय उडवनार.

तू त्यांच्या गोष्टी ऐकत मोठा झालास. त्यांनी चाळीस वर्षं बंदूक वापरली. फुसक्यानंतर काय करायचं असतं, हे त्यांना माझ्याआधी माहीत असायला हवं. मागून नळीत पाहायचं असतं.

त्यांनी पाहिलेलं नाही.